श्रद्धांजलीचा बॅनर

त्या घरातला संगणक अजून माझ्या डोळ्यांसमोरून हटत नाही. मी सातवी शिकून शिपाई झालो आणि सहायक फौजदार म्हणून बाहेर पडलो. मला सजवून लिहिता येत नाही, अन् त्याची लाजही नाही. घडलं तसं लिहितो. नावं मात्र कोणाचीच सांगणार नाही.

बडनेऱ्यात एका घरी सुनेने गळफास घेतल्याची खबर तिच्या नवऱ्याने दिली. अकस्मात मृत्यू म्हणून मर्ग दाखल झाला, पंचनामा झाला. नवऱ्याचं पुढच्या खोलीत फ्लेक्स बॅनरचं दुकान. तो म्हणाला, "मी परतवाड्याले गेलतो, आलो तं ही लटकलेली. घरात फक्त लहाना भाऊ होता. पन थो येडा हाय साहेब, बोलता येत नाई त्याले."

दुसऱ्या दिवशी त्यांची शेजारीण, हार विकणारी मावशी, ठाण्याच्या फाटकात मला आडवी आली. "जमादार, थो परतवाड्याले गेलाच नाई. त्या दुपारी मी त्याचा आवाज आयकला. माहं नाव नका घेऊ, गल्लीत राहू देनार नाई मले."

मी पुन्हा त्या घरी गेलो. लहान भाऊ संगणकासमोर होता. लहानपणच्या तापाने हातपाय वाकलेले, अक्षरओळख नाही. मोठा भाऊ मजकूर टाकायचा, हा फोटो कापून बसवायचा. तेव्हा तो तेरवीचा बॅनर करत होता. मेलेल्या वहिनीचाच. वर 'भावपूर्ण श्रद्धांजली', खाली लग्नाचा फोटो. त्यातून भावाला कापून वहिनी एकटी ठेवायची होती.

माउस नव्हता. त्याच्या हातात तो राहतच नसे. एक अंगठा तेवढा चाले. कीबोर्डाच्या उजव्या बाजूच्या आकड्यांवर तो दाबत होता. आठ दाबला की पडद्यावरचा बाण वर, दोनला खाली, चारला डावीकडे, सहाला उजवीकडे. पाच म्हणजे क्लिक.

"हे कोणी शिकवलं?"

मागे उभा असलेला नवरा म्हणाला, "तिनंच. येड्याले शायनं करून राह्यली होती." इतक्यात पाहुणे आले म्हणून तो बाहेर गेला.

बाण थांबला. मग मुंगीसारखा सरकत फोटोतल्या भावाच्या हातावर गेला. हात कापला गेला. तो हात हळूहळू ओढत त्याने वहिनीच्या गळ्यावर नेऊन ठेवला आणि माझ्याकडे पाहिलं.

मी खुर्ची ओढून बसलो. "तू पाह्यलं?"

त्याने होकाराची मान हलवली.

"भाऊ आत गेला तं तुले घास कोन भरवीन? समजते का?"

त्याने परत मान हलवली. गळ्यावरचा हात तसाच ठेवला.

चित्राने गुन्हा सिद्ध होत नाही. शवविच्छेदनाच्या डॉक्टरांनी फोटोत दोराच्या वळाखाली बोटांचे व्रण दाखवले. मग नवऱ्याला समोर बसवला. मारझोड नाही, फक्त साधे प्रश्न. कोणत्या जीपने गेला? परतवाड्यात कोणाला भेटला? त्याने एका गिऱ्हाइकाचं नाव घेतलं, पंचनाम्याच्या वेळी घेतलं होतं तेच. तो माणूस आधीच शेजारच्या खोलीत बसवला होता. दार उघडलं. गिऱ्हाईक म्हणालं, "कावून खोटं बोलतं बे? तू आलताच कवा?"

तेव्हा तो बोलला. "ती त्याले अपंगाच्या शाळेत टाकतो म्हने. मंग माहं काम कोनं केलं असतं?"

पोलिसापुढची कबुली कोर्टात चालत नाही. म्हणून लहान भावाचा जबाब न्यायदंडाधिकाऱ्यांसमोर, विशेष शिक्षक बसवून, चित्रीकरणासह झाला. संगणक मी मुद्देमाल म्हणून जप्त केला. खटल्यात आरोपीचे वकील म्हणाले, ही मतिमंदाची करामत आहे. न्यायाधीशांनी संगणक मांडायला लावला. आरोपीच्या कठड्यातून मोठा भाऊ बघत होता, आणि बाण सरकत सरकत पुन्हा त्याच गळ्यापाशी गेला. जन्मठेप झाली.

नातेवाइकांनी लहान भावाला घरात घेतलं नाही. "सख्ख्या भावाले खाल्लं यानं," म्हणाले. तो आता अकोल्याकडच्या एका आश्रमात असतो. त्या दिवसापासून कोणत्याही घरी तपासाला गेलो की ज्याला घरचे येडा म्हणतात त्याच्याजवळ मी आधी बसलो. निवृत्त होईतो हा हेका सोडला नाही.

अपील चालू आहे, म्हणून संगणक अजून मालखान्यात, माझ्याच सहीच्या सीलबंद पोत्यात. आश्रमात संगणक नाही. दर खेपेला विचारतो, तिथले लोक "वर लिहिलं हाय" म्हणतात. मागच्या वेळी एक जुना कीबोर्ड नेऊन दिला. जोडायला काही नाही. तो मांडीवर घेऊन बसतो आणि समोरच्या भिंतीकडे बघत अंगठ्याने दाबत राहतो. आठ, आठ, सहा, पाच.