पेटीपर्यंतची गोष्ट

साल १९८२. भोसरीतल्या एका छोट्या कंपनीत भीमराज भट्टी सांभाळणाऱ्या यंत्राचे प्रोग्राम लिहायचा. एकच चिप आणि कामं तीन: तापमान बघणं, पंखा फिरवणं, आकडे छापणं. तातडीचं काम आलं की चालू काम अर्ध्यात थांबायचं आणि नंतर नेमकं तिथूनच पुढं सुरू व्हायचं. ही सगळी अदलाबदल करणारा ऑपरेटिंग सिस्टिमचा गाभा भीमराजनं लिहिलेला. नाजूक जागी कामाला ‘आता मला थांबवू नका’ अशी मनाई करायची मुभा होती. तशा एकात एक चार-चार मनाया व्हायच्या, प्रत्येक मनाई कधी लागली, कधी उठली ती वेळ लिहिता लिहिता यंत्राची दमछाक व्हायची, आणि साहेब रोज भीमराजच्या नावानं शंख करायचे.

घरी वडील, कोंडीराम. लकव्यानं जीभ जड झालेली. भीमराजची आई, रंभा, तो दीड वर्षाचा असताना गेली. जाताना ती लेकासाठी काहीतरी बोलली होती. म्हातारा जन्मभर त्याबद्दल गप्प राहिला आणि आता, जीभ वळेना तेव्हा, सांगायला बसला!

“तुजी आय... पत्र्याची पेटी घिऊन... पिंपरीत उतरली...” एवढ्यात दारात कंपनीची जीप. “आलोच बाबा.” परतल्यावर कोंडीराम विचारायचे, “कुटवर आलतो रं?” भीमराजच्या डोक्यात यंत्रच. मग पुन्हा पहिल्यापासून, पुन्हा पेटी, पुन्हा जीप.

एका सोमवारी भीमराजला युक्ती सुचली. पहिली मनाई लागली आणि शेवटची उठली, एवढ्याच दोन वेळा लिहायच्या. मधल्या नुसत्या मोजायच्या. यंत्र पळायला लागलं. साहेबांनी पेढे वाटले. त्याच तोऱ्यात तो घरी येऊन म्हणाला, “बाबा, मधलं राहू द्या. आई शेवटी काय बोलली, तेवढं सांगा.”

“मधीच तर तुजी आय हाय, भीमा,” कोंडीराम म्हणाले आणि भिंतीकडं तोंड करून निजले. चार दिवस बोलले नाहीत.

पाचव्या दिवशी यंत्र गिऱ्हाइकाला दाखवायचं होतं. एकही काम अडलं नाही. दुपारी भीमराज घरी आला, तर दारात माणसं जमलेली. आत्या, गिरजाबाई, त्याच्या गळ्यात पडून रडली.

“सकाळी रुसवा गेलता रं त्याचा. म्हनला, भीमा आला की पयल्यापासनं सांगतो. मला म्हनून दाखवता दाखवताच गेला.”

“कुठवर आले होते, आत्या?”

“पेटीपातूर.”

भीमराज वडिलांच्या उशाशी बसला. साहेबांनी आज खूश होऊन घरच्यांसाठी दिलेला पेढ्यांचा पुडा अजून त्याच्या हातातच होता.