सोफेवाल्याच्या फेऱ्या

सोफेवाला दारू प्यायचा तेव्हा निदान सापडायचा तरी. दुकानाच्या मागच्या खोलीत, गिऱ्हाइकाच्या कुठल्या तरी नव्याकोऱ्या सोफ्यावर हा पसरलेला असणार, हे बायकोला ठाऊक असायचं. झोपून बघितल्याशिवाय सोफा जमलाय की नाही कळत नाही, असं त्याचं म्हणणं. एका हातात ग्लास, दुसऱ्यात सिगारेट आणि तोंडाने सूचना चालू. शिलाई सरळ घे, कोपरा नीट दाब. ती समोर मशीनवर कव्हरं शिवायची आणि मनातल्या मनात त्याचा उद्धार करायची.

एके दुपारी ती सिगारेट झोपेत बोटांतून निसटली आणि दुसऱ्या दिवशी पोचवायच्या सोफ्याच्या फटीत गेली. फोम आधी आतल्या आत धुमसतो, आणि त्याचा धूर म्हणजे निव्वळ विष. बायकोने पहिली बादली नवऱ्यावर ओतली, दुसरी सोफ्यावर. दुकान वाचलं, हा वाचला, सोफा गेला. छाती तपासायला गेले तर डॉक्टर म्हणाला, "फोमच्या धुराचं सोडा हो, तुम्ही स्वतःहून भरलेला त्याच्या दसपट आहे. उद्यापासून चालायला लागा."

चालायला सांगितलं होतं हं, पळायला नाही. पण अर्ध्यावर थांबणं या माणसाच्या रक्तातच नाही. प्यायला तेव्हा आडवा होईस्तोवर प्यायला, सोडली तेव्हा तिचा वासही सोसेना. चालता चालता पळायला लागला. आधी पुलापर्यंत, मग गावाबाहेरच्या तळ्यापर्यंत, मग तळ्याला वळसा घालून टेकडीवर, आणि पुढे तर कुठवर जातो ते विचारायचीच सोय राहिली नाही. मॅरेथॉन त्याला आता पोरखेळ वाटायची. "जगाला बसायला लावतोस आणि स्वतः कुठे पळतोस रे?" शेजारचा सुतार चिडवायचा. पोट गेलं, खोकला गेला. बायकोला जो तो म्हणायचा, "नशीब काढलंत!" ती मान डोलवायची. खोटं नव्हतंच ते. मरता मरता वाचलेला नवरा, आणखी काय हवं बाईमाणसाला?

हवं होतं, पण अगदी थोडं. तिला त्याच्याशी एक गोष्ट बोलायची होती.

वर्षानुवर्षं पायमशीन मारून तिचे गुडघे कामातून गेले होते. जिना उतरायचा म्हणजे आधी कठडा धरायचा, मग ओठ दाताखाली दाबायचे. उजवा गुडघा बदलावा लागेल, असं हाडांच्या डॉक्टरने सांगितलं होतं. ऑपरेशनला ती भीत नव्हती. भीती नंतरची होती. उठवायला, बसवायला, रोज हाताला धरून घरातल्या घरात चालवायला कुणीतरी हवं होतं. दोनदा मिळालेली तारीख तिने पुढे ढकलली. आता हॉस्पिटलातली बाई म्हणाली होती, "सोमवारी सकाळी नक्की काय ते सांगा, नाहीतर तुमचा नंबर दुसऱ्याला देऊ." शहराच्या दुसऱ्या टोकाला राहणारी लेक एका पायावर तयार होती. पण हिला लेक नको होती, नवरा हवा होता. ज्याला इतकी वर्षं बखोटीला धरून घरी आणला, त्याने आता आपल्याला धरावं, एवढाच तिचा हट्ट.

पण सांगायचं कधी? ती उठायच्या आत हा पळायला गेलेला. दिवसभर दुकानात स्टेपल गनचा खडखडाट. संध्याकाळी पुन्हा व्यायाम, आणि जेवताना मान घासाबरोबर खाली. तो जागा सापडेल तर शपथ!

म्हणून रविवारी, त्याच्या शर्यतीच्या दिवशी, तिने ठरवलं, आज सांगायचंच. मैदानाभोवती बारा तास फेऱ्या मारायच्या, ज्याच्या जास्त तो पहिला, असली ती शर्यत. प्रत्येकाच्या घरच्यांना कडेला टेबल आणि खुर्ची. पाणी, खजूर, मीठ घालून उकडलेले बटाटे मांडून ती बसली. आज जाईल कुठे? दर फेरीला माझ्याच पुढ्यात यायचंय.

तो आला. ती टेबलाला रेटा देऊन उठली, बाटली पुढे केली. "अहो, मला जरा—"

"मीठ कमी आहे!" बटाटा तोंडात टाकत म्हणाला आणि गेला.

पुढच्या फेरीला तिने फक्त महत्त्वाचं तेवढंच बोलायचं ठरवलं. "हॉस्पिटलातून फोन—" "टोपी दे!" त्याच्या पुढच्या फेरीला, "माझ्या गुडघ्याचं—" "बर्फ आहे का?" शेजारच्या टेबलावर एक शाळेतल्या बाई भावासाठी बसल्या होत्या. त्यांना हसू आवरेना. हिलाही आलं. काय करणार, प्रसंगच तसा होता.

दुपार कलली. ऊठ-बस करून करून गुडघा सुजून टम्म झाला. तो येताना दिसला, तिने टेबलाला रेटा दिला आणि खुर्चीतच राहिली. "बाटली!" तो ओरडला. ती हलली नाही. तो पुढे गेला, थबकला, चरफडत मागे आला. "झालं काय तुला?"

"उठता येत नाही."

"कधीपासून?"

"गुडघा दुखतोय त्याला दीड वर्ष झालं."

"मग बोलली का नाहीस?"

"बोलले की. तुमच्या पाठीला. गुडघा बदलायचाय. उद्या सकाळी त्यांना कळवायचंय. मला तुम्ही हवे आहात घरी. दुसरं कुणी नको."

तो खरोखर हादरला. तिच्या सुजलेल्या गुडघ्याकडे बघत राहिला. गुडघ्यावर हात ठेवला, डोळेसुद्धा भरले त्याचे. ती बघत होती, आणि तिला वाटलं, सापडला. मग त्याने मैदानावरच्या घड्याळाकडे पाहिलं.

"एवढी फेरी पुरी करून येतो," तो म्हणाला. "अर्धी धरत नाहीत गं."

ती वाट बघत बसली. शाळेतल्या बाई आता हसत नव्हत्या.

तो आला. या खेपेला तो ओरडला नाही. वाकून टेबलावरची बाटली आपली आपण घेतली, प्यायला, जागच्या जागी नीट ठेवली. "तू अजिबात उठू नकोस हं," फार मायेने म्हणाला, "आरामात बस. माझं मी घेतो." आणि पळाला. त्याच्या पुढच्या फेरीलाही असंच. माणूस खरंच जपत होता तिला.

तिने लेकीला फोन लावला. "तारखेला हो म्हणून टाक. आणि आत्ता मला न्यायला ये."

लेक आली. दोघींनी धरून तिला उठवलं, एकीकडून लेकीने, एकीकडून शाळेतल्या बाईंनी. जायच्या आधी तिने बाटल्या भरून ओळीने लावल्या, बटाट्यांवर झाकण ठेवलं.

"ते आले की काय सांगू त्यांना?" शाळेतल्या बाईंनी विचारलं.

"आपणहून काही सांगू नका," ती म्हणाली. "विचारलं तर सांगा."