शोरूमचा फोन

जुनी गाडी असली की किस्से जमवावे लागत नाहीत, आपोआप साठतात. आमचे हॉर्नपासून साठले. बदनापूरच्या चौकात हँडल डावीकडं वळवलं आणि हॉर्न आपला आपणच वाजला! मी एवढी दचकले की पुढच्या बैलगाडीवाल्यांना "सॉरी काका" म्हणाले.

"मला काय म्हणतीस? बैलांना म्हण!"

गाडी पंधरा वर्षांची, पप्पांची. ते टेलिफोन ऑफिसातून रिटायर झाले आणि ती माझ्याकडं आली. जालन्याच्या एमआयडीसीत, बियाण्यांच्या कंपनीत मी लॅबला आहे. प्रोबेशनवर! तीन लेटमार्क झाले की प्रोबेशन सहा महिने वाढतं.

*

शोरूमच्या जॉबकार्डावर लिहिलं, 'हॉर्न आपोआप वाजतो.' संध्याकाळी गाडी चकाचक धुऊन मिळाली. बटण दाबलं. शांतता.

"अहो, आता वाजतच नाही!"

सर्व्हिस अॅडव्हायझर खूश. "बराबर! वायरच काढून टाकली. आता आपोआप बिलकुल वाजणार न्हाई."

*

पुढच्या महिन्यात गाडी स्टार्टच होईना, म्हणून परत शोरूमला. चार दिवस मी टेंपोनं ये-जा केली, दोन लेटमार्क पडले. चौथ्या दिवशी फोन आला. मी धडपडत उचलला.

"मॅडम, आमच्या सर्व्हिसला दहापैकी किती मार्क देणार?"

 गाडी त्यांच्याच ताब्यात होती!

"दहा," मी म्हणाले.

पप्पा बघतच राहिले. "अगं, गाडी पाह्यली तरी का तू?"

"नाही ना! म्हणूनच दहा दिले."

दुसऱ्या दिवशी तक्रार करायला गेले, तर अॅडव्हायझरनं स्क्रीनच माझ्याकडं वळवला. "हे बघा, खूश कस्टमरच्या लिस्टमध्ये तुमचं नाव हाये."

*

शुक्रवारी मेसेज आला, 'आपली गाडी तयार आहे.' पळत गेले. गाडी स्टँडवर आणि इंजिन ट्रेमध्ये!

"अहो, तयार म्हणून मेसेज आल्ता!"

"मॅडम, तो कॉम्प्युटर पाठवतो. त्यानं कुठं गाडी पाह्यली?"

*

सोमवारी सकाळी सातची शिफ्ट. गाडी नसली तर तिसरा लेटमार्क पक्का. शनिवारी पप्पाच निघाले. "मी जाऊन बसतो. मालक शेजारी बसला की पाना जल्दी फिरतो."

पप्पांना नोकरीतली एक सवय राहिलीय. वाजणारा फोन त्यांना सहन होत नाही. तिसऱ्या रिंगच्या आत उचलतात, आणि राँग नंबर असला तरी "जय भीम, बोला" म्हणून सगळं ऐकून घेतात. स्वतःचा मोबाईल तेवढा घरी चार्जिंगला विसरतात. शनिवारीही विसरले.

दुपारी लॅबमधून मी शोरूमला फोन लावला. हा नंबर मी इतक्यांदा लावलाय! नुसता वाजत राहतो, कुणी उचलत नाही. त्या दिवशी चक्क एंगेज! परत लावला. एंगेज. पाच वेळा, सात वेळा, एंगेजच! माझं डोकं पळायला लागलं. पप्पांना चक्कर आली असेल. पायावर गाडी पडली असेल. तेच लोक दवाखान्याला फोन करून राह्यले असतील.

नवव्यांदा लावला. रिंग गेली. पहिल्याच रिंगला उचलला.

"जय भीम, बोला. शोरूममधून बोलून राह्यलो. समदे जेवायला गेलेत. तुमच्या आधी अकरा तक्रारी लिहून घेतल्यात, तुमचा नंबर बारावा. घाबरू नका, नंबरानं सगळ्यांचं होईल. हां, सांगा गाडीचा नंबर!"