अकरावा चिंचोका

आज चिंच फोडताना हातात चिंचोका आला आणि आमच्या पनवेलच्या बंधुमंडळाची सभा आठवली. मिठागरातल्या माणसांचं मंडळ. आजाऱ्याचं घर चालवायचं, मेलेल्याला खांदा द्यायचा. नवा सभासद घेताना प्रत्येकाने झाकल्या पेटीत होकाराची कवडी नाहीतर नकाराचा चिंचोका टाकायचा. एक जरी चिंचोका निघाला तर नकार. वडील गेल्यावर त्यांच्या जागी आईने नाव दिलं. दहा कवड्या निघाल्या, अकरावा चिंचोका.

"बाईमाणूस मयताला खांदा देल काय, वयनी?" अध्यक्ष हसले.

"ह्यांच्या मयताला तुमच्यातले तिघंच आले," आई म्हणाली. "चौथा खांदा माजाच व्हता. चिंचोका कुनाचा, त्यानं हुबं राहून सांगावं."

कुणी उठलं नाही. तेव्हा मी लाजेने मान खाली घातली होती. आज तीच मान ताठ होते. आईने सभासदांच्या वहीत स्वतःच आपलं नाव लिहिलं आणि वर्गणीचे दोन रुपये खजिनदारांच्या हातावर ठेवले. त्यांनी ते ठेवून घेत मूठ मिटली.