साडीबाहेरची फांदी

मला झाडांची आवड आहे असं लोक म्हणतात, ते काही खरं नाही. मला फळं खायची आवड आहे, आणि तीही आंबट. सुरतेच्या डिंडोली भागातल्या आमच्या रो-हाउसमागे भिंतीला लागून चार फूट रुंदीची जमीन आहे. तिथे बोअरचं खारं पाणी आणि दुपारपर्यंतचं कडक ऊन, एवढंच मिळतं. गुलाब लावून पाहिले, त्यांनी दोन महिन्यांत माना टाकल्या. मग मी चिवट झाडांकडे वळले. एक तुती, एक फालसा आणि कोपऱ्यात करवंदीची जाळी. मी शाळेत शिकवते, नवरा सुरतेजवळच्या सचिन वसाहतीत कापड मिलच्या ऑफिसात असतो. झाडांचे लाड करायला वेळ कुणाला आहे? मी विसरले तरी वाढणाऱ्या आणि वर ओंजळ भरणाऱ्या या तिघांचे माझ्यावर उपकारच आहेत.

सासूबाई गेल्या त्या वर्षी आम्ही आप्पांना, म्हणजे माझ्या सासऱ्यांना, गावाहून कायमचं इकडे आणलं. सुरत त्यांना नवी नव्हती. उमेदीची तीस वर्षं त्यांनी इथेच लूम चालवले होते आणि मग खानदेशात परत जाऊन थोडी शेती केली होती. पण तेव्हा ते स्वतःच्या खोलीत राहत होते आणि आता मुलाच्या घरात. हा फरक माझ्या लक्षात आला नाही. मी नाशिकची, बोलायला फटकळ. ते अहिराणीत दोन शब्द बोलून गप्प बसणारे. आमचं वाकडं नव्हतं, पण फारसं बोलणंही नव्हतं.

माझा फालसा तेव्हा माझ्या डोक्याच्या वर गेला होता. पानं तळहाताएवढी आणि फळं वर्षाला वाटीभर, तरी मला त्याचा भारी अभिमान. जानेवारीत एके दुपारी शाळेतून घरी आले तर फालशाच्या जागी गुडघ्याएवढे खुंट. शेजारी फांद्यांची नीट बांधलेली मोळी, आणि आप्पा नळाखाली कोयता धूत बसलेले. मग मी जे तोंड सोडलं ते सोडलंच. विचारायचं तरी होतं, झाडं माझी आहेत, असं मी म्हणाले. त्यांनी कोयता पुसला आणि आत नेऊन ठेवला.

त्या दिवसापासून ते कुंडीतल्या कढीपत्त्याची काडीसुद्धा मला विचारून तोडायला लागले. मला तो त्यांचा सालसपणा वाटला. खोटं कशाला बोलू, जरा बरंही वाटलं.

फेब्रुवारीत त्या खुंटांमधून कोंब फुटले, इतके की खुंट दिसेनासे झाले. फालसा नव्या फुटीवर फळतो, जुनं कापल्याशिवाय त्याला जोर येत नाही, हे मला तेव्हा कळलं. तेव्हाच आप्पांना काहीतरी चांगलं बोलायला हवं होतं. पण चूक कबूल करायची म्हटली की माझी जीभ जड होते. त्याऐवजी मी फालशाच्या राखणीला लागले. त्याच महिन्यात तुती पिकली होती आणि बुलबुलांनी ती आमच्या डोळ्यांदेखत फस्त केली होती. फालशाचं तसं होऊ द्यायचं नाही, असं मी ठरवलं.

सुरतेत आमच्यासारख्यांच्या घरी दुसरं काही नसलं तरी मिलमधल्या साड्या असतातच. छपाईत डाग पडलेली, रंग हललेली सेकंडची साडी आम्ही कशालाही वापरतो. कूलर झाकायला, गाद्या बांधायला, गच्चीवर सावली करायला. मार्चमध्ये फालशाला कळ्या दिसल्या त्याच दिवशी मी एक आंबा रंगाची साडी काढली, दुहेरी करून सगळ्या झाडाला गुंडाळली आणि खाली सुतळीने गच्च आवळली. आप्पा ओट्यावर बसून पाहत होते. त्यांना विचारायचं माझ्या मनातही आलं नाही.

आत फुलं आली. कडेने साडी जरा उचलली की पिवळीधमक फुलं दिसायची आणि मी खूश व्हायचे. एप्रिल गेला, मे लागला. फुलं वाळून खाली पडली आणि फळाचं नाव नाही. माझ्या मनात पहिला विचार आला तो हाच, की इतकं कापलं म्हणूनच फळ गेलं. तोंडाने बोलले नाही, पण चेहऱ्यावर दिसलंच असणार.

त्याच आठवड्यात आप्पांनी मुलाला भुसावळच्या गाडीचं तिकीट काढायला सांगितलं. गावी जाऊन राहतो म्हणाले, इथे रिकामं बसून करू काय. गावचं घर दोन वर्षं बंद, आप्पांना रोजच्या गोळ्या, आणि भाकरी थापायची तर सोडाच, चहाही धड येत नाही. नवऱ्याने परोपरीने समजावलं, ते ऐकेनात. शेवटी रविवारचं तिकीट निघालं. मला भीती वाटली, आणि लाजही. ते का चालले आहेत हे मला नीट सांगता आलं नसतं, पण त्यात माझा हात आहे हे पक्कं माहीत होतं.

गुरुवारी मी वैतागून ती साडी सोडायला गेले. भिंतीच्या बाजूला साडी जरा फाटलेली होती आणि त्या फटीतून एक फांदी बाहेर आली होती. ती फळांनी लगडलेली, काळी-जांभळी. आतल्या फांद्यांवर एक फळ नाही. पाचवीच्या वर्गाला परागीभवन मीच शिकवते. फुलांना मधमाशी लागते हे फळ्यावर चित्र काढून सांगणारी बाई घरी फुलांना पॉलिएस्टरमध्ये बांधून बसली होती.

मी मूठभर फालसे तोडले आणि आप्पांसमोर जाऊन बसले. तुमच्या कापण्याने नाही, माझ्या साडीने फळ गेलं, असं सांगितलं. त्यांना आश्चर्य वाटलं नाही. मधमाश्या साडीवर आपटून परत जाताना त्यांनी मार्चमध्येच पाहिल्या होत्या.

"ती फांदी मीच काढी बाहेर," ते म्हणाले.

मी विचारलं, "एकच का, आप्पा?"

"झाडे तुना शेतस ना, माय."

झाडं माझी आहेत, हे माझंच वाक्य परत आलं होतं. त्यात तक्रार नव्हती, टोमणाही नव्हता, आणि म्हणूनच ते फार लागलं. माझ्या रागाला भिऊन या माणसाने सबंध झाडातली एक फांदी तेवढी वाचवली होती.

"आप्पा, मी चुकले," मी म्हणाले. "जानेवारीतही आणि मार्चमध्येही. झाडांना तुमचा हात पाहिजे, मलाही पाहिजे. माझं चुकलं तर ओरडा, पण जाऊ नका."

त्यांनी दोन फालसे तोंडात टाकले, बिया हातावर काढल्या आणि उठून भिंतीशी टाकल्या. शनिवारी संध्याकाळी त्यांची पिशवी भरून दाराशी ठेवलेली दिसली.

रविवारी सकाळी मी मागे करवंदीला पाइपने पाणी घालत होते. गाडी अकराची होती आणि माझं कशातच लक्ष नव्हतं. बुंध्याशी तळं साचलं तरी मला कळलं नाही.

"बस कर! करवंदीले इतलं पानी लागस का?"

आप्पा मागच्या दारात उभे होते, गाडीला निघायची वेळ झाली तरी बनियन आणि लेंग्यावर. ते अनवाणीच चिखलात उतरले, माझ्या हातातून पाइप ओढून घेतला आणि शिकवते म्हणे शाळेत, असं काहीसं पुटपुटले. शेजारच्या घरातल्यांनाही ऐकू जाईल असा आवाज होता. मला कुणी ओरडलेलं जन्मात खपलेलं नाही. मी पदर तोंडाशी धरला आणि त्यांना म्हटलं, आणखी ओरडा.