लग्नाच्या व्हिडिओतली जास्तीची मावशी

मंडळी, आधीच सांगते, मी व्हिडिओ एडिटर आहे. फोटोत भूत दिसलं म्हणून कोणी दाखवायला आणलं, की मी लेन्सवरचा डाग पुसायला सांगते. त्यामुळे हे लिहिताना मलाच कसंसं होतंय... पण लिहिते.

मी वसईत फ्लॅटमध्ये राहते, लग्नाचे व्हिडिओ कापते-जोडते. रंग आणि आवाजाचं काम माझा कॉलेजचा मित्र मेल्विन करतो, वटारला, त्याच्या घरी. त्याची सिस्टिम वेगळी, माझी वेगळी. पूर्वी मी तयार फाइल पाठवायचे आणि प्रत्येक वेळी चित्र थोडं मळायचं. म्हणून या वेळी ठरवलं, सगळं लॉसलेस. म्हणजे कॅमेऱ्यातल्या मूळ क्लिप्स जशाच्या तशा, आणि कुठे काय कापलंय याची वेगळी फाइल. दोन्हीकडच्या कॉप्या तंतोतंत जुळतात का, तेही सॉफ्टवेअरने तपासलं. जुळल्या.

लग्न मेल्विनच्या शेजारच्या लुर्डिन आंटीच्या मुलीचं, रेश्माचं. ती लग्नानंतर लगेच नवऱ्याबरोबर कॅनडाला गेलेली.

सकाळी मेल्विनचा फोन. "वर्षा, त्या लाल लुगड्यातल्या आजी कोण गं?"

"कुठल्या आजी?"

"अगं, प्रत्येक चांगल्या शॉटमध्ये मागे बसून जेवतायत! एकदा तर कॅमेऱ्याला हात केलाय. कापलं का नाहीस?"

मी माझ्याकडे बघितलं. तिथे रिकामी खुर्ची!

लॅपटॉप घेऊन स्कूटरवरून वटारला गेले. त्याच्या स्क्रीनवर म्हातारी मजेत बसलेली, ताटात इंद्यालचा झणझणीत रस्सा आणि तांदळाचे पोळे. त्याचीच हार्ड डिस्क काढून माझ्या लॅपटॉपला लावली... खुर्ची रिकामी. परत त्याच्याकडे लावली, म्हातारी हजर. मेल्विनने आधी केबल बदलली. मग सिस्टिम बंद करून चालू केली. मग छातीवर क्रुसाची खूण केली.

"आता कापूया का हिला?" मी विचारलं.

"तू काप. मी हात लावणार नाही."

तेवढ्यात लुर्डिन आंटी केळ्यांची फणी घेऊन हजर, "झाला का रे व्हिडिओ?" म्हणत. आम्ही स्क्रीन झाकायच्या आत तिने बघितलं, आणि मटकन खुर्चीत बसली.

"कोन्सू आलेली?"

कोन्सू म्हणजे तिची थोरली बहीण, जवळच्या निर्मळ गावात राहणारी. माहेरच्या वाडीच्या कुंपणावरून दोघी कित्येक वर्षं बोलत नव्हत्या. पत्रिका पाठवली होती, पण आमंत्रण द्यायला आंटी स्वतः गेली नव्हती. आणि कोन्सू मावशी लग्नाला आली नव्हती, हे सगळ्या वटारला माहीत होतं.

आधी आंटीचे डोळे भरले. मग तिने पुन्हा स्क्रीनकडे बघितलं आणि आवाज चढला. "आली, पोटभर जेवली, आणि मला तोंड नाही दाखवलं? चल गं, काढ तुझी स्कूटर!"

मेल्विनच्या मशीनवरून तो भाग एक्स्पोर्ट करून फोनमध्ये घेतला. या फाइलमध्ये मात्र मावशी फोनवरही दिसत होती.

निर्मळला कोन्सू मावशी अंगणात अबोली गुंफत बसलेली. दोघी बहिणींनी फाटकातूनच सुरुवात केली. इथल्या ख्रिस्ती लोकांची कुपारी बोली मला अर्धीच कळते, पण हातवारे पूर्ण कळत होते. "मी पाऊल टाकलेलं नाय तुझ्या दारात!" मावशी ओरडली. मी घाबरत फोन पुढे केला.

तिने बघितलं. पुन्हा बघितलं. फुलं मांडीवरून खाली सांडली.

"हे लुगडं मी नेसलेली," ती हळू म्हणाली. "त्या दिवशी. दागिने पण घातले. दारात बसून राहिले, कोणी न्यायला येईल म्हणून. मग बदललं."

आंटी खाली बसून फुलं वेचायला लागली. वेचता वेचता म्हणाली, "तुझ्या ताटात बघ, चार पोळे आहेत. डॉक्टरांनी दोन सांगितलेत ना?"

"तिथे कुठे डॉक्टर होता?" मावशी म्हणाली. आणि दोघी अशा हसायला लागल्या की शेजारचं कुत्रं भुंकायला लागलं. मी मात्र घामाघूम उभी.

व्हिडिओ तसाच दिला, मावशीसकट. कॅमेरामनला विचारलं, तो शपथेवर सांगतो, त्या खुर्चीवर कोणी नव्हतं. सॉफ्टवेअरवाल्यांना कळवलं, त्यांनी अपडेट करायला सांगितलं. केलं. काही फरक नाही. माझ्याकडे आजही खुर्ची रिकामीच दिसते.

मागच्या आठवड्यात रेश्माचा कॅनडाहून व्हिडिओ कॉल आला, व्हिडिओ आवडला म्हणून. मी सहज विषय काढल्यासारखं म्हटलं, "तुझी मावशी येऊ शकली नाही ना लग्नाला..."

"कोन्सू मावशी?" ती म्हणाली. "होती की! निघताना मला मिठी मारली, केसात अबोली माळली. मम्मीला सांगू नकोस म्हणाली, म्हणून मी बोलले नाही. का गं, काय झालं?"

मी नेटवर्क गेल्याचं सांगून फोन ठेवला. मेल्विनला अजून सांगितलेलं नाही. तुमच्यापैकी कोणाला काही सुचत असेल तर सांगा... मला तर काहीच कळत नाहीये.