मायच्या जागी लावलेली तसबीर

सन चोपन्न. मी तेव्हा एकोणीस वर्षांचा. शाळा दुसरीपर्यंतच झाली, पण डोकं माझं कोणापेक्षा कमी नव्हतं, आजही नाही.

माय पटकीनं जाऊन तीन वर्षं झाली होती. बाप जिवंत असताना गेली, म्हणजे कुंकवानं गेली. अशा बाईचं जेवण पितरपाटात अविधवा नवमीला असतं. एखादी सवाष्ण बोलवायची, जेवू घालायचं, ओटी भरायची. त्या वर्षी नवमी तोंडावर आली अन् बाप एकदम म्हणाला, "तुया मायचं तोंड आठवून नाई राह्यलं मले." बैल कुठं बांधला विचारावं तसं बोलला, पण त्या दिवशी जेवला नाही.

मायचा फोटो कधी काढलाच नव्हता. आमच्या आसेगावात तेव्हा कोणाचा होता?

मी मंगरुळच्या बाजारात गेलो. तिथं एक चाचा तसबिरींना काच लावून द्यायचे. लोक फोटो टाकून जायचे, काही परत यायचेच नाहीत. ते न नेलेले फोटो चाचांनी बिस्किटाच्या डब्यात ठेवले होते.

"चाचा, यातून मायसारखी एखादी बाई काढून द्या."

"अरे, दिसाले कशी होती तुई माय?"

"उंच. सावळी."

"अन्?"

मी परत तेच सांगितलं.

"अशा तं अख्ख्या वऱ्हाडात हायेत, बेटा. बैस, तूच धुंड."

दुपारभर डबा चाळत बसलो. एक माणूस मांडीवर गजराचं घड्याळ धरून बसलेला, जसं काही लेकरूच. दोन बहिणी, चपलांचा जोड दोघींत एक; एक चप्पल हिच्या पायात, एक तिच्या. एक लेकरू हललेलं, तोंडाच्या जागी नुसतं पांढरं. सगळे श्वास धरून ताठ बसलेले, कोणीतरी पाहील म्हणून. ज्यांच्यासाठी बसले ते आलेच नाहीत. पाहत होतो मी, अन् मला त्यांचं काय?

एकेक बाई उजेडात धरली. पण ही नाही असं म्हणायलाही माय आठवावी लागते. नाक आठवलं की डोळे जायचे. भाकर थापणारे हात तेवढे दिसायचे, वर काहीच नाही. तरी रिकाम्या हातानं परतणारा मी नव्हतो. एक उंच, सावळी निवडली अन् काच लावून घेतली.

बापानं तसबीर दाराच्या उजेडात नेली. लई वेळ पाहिली. मग म्हणाला, "हीच व्हय."

नवमीला ती पाटावर मांडली. सवाष्ण म्हणून आत्या आली होती. ताटावर बसता बसता तिची नजर गेली.

"काहून रे, ही कोण उचलून आणली? कपाय पाह्य तिचं, गया पाह्य! ना कुंकू, ना डोरलं. माया वयनीच्या जागी रांडकी बाई बसवली तुमी?"

मी पाहिलं. खरंच होतं. दुपारभर नाक-डोळे शोधत बसलो, कपाळाकडे लक्षच गेलं नव्हतं.

"कोरं हाय तं भरता येते," बाप म्हणाला, अन् कुंकवात अंगठा बुडवून त्यानं काचेवर दाबला.

"दादा, पाप हाय हे!"

"तुले आठवते तिचं तोंड? सांग मंग."

आत्यानं तोंड उघडलं, पण तिलाही सांगता आलं नाही. ती तशीच उठून गेली. नवमीला सवाष्ण दारातून उपाशी गेली, याहून वाईट आमच्यात दुसरं काय असतं?

संध्याकाळी बाप ओट्यावर बसून म्हणाला, "डोये मिटले का आता हीच येते."

हीच म्हणजे कोण, असं मला विचारायचं होतं. पण मीही डोळे मिटून पाहिले होते. भाकर थापणाऱ्या हातांच्या वर आता ती परकी बाई होती, अन् ती हटत नव्हती.

दुसऱ्या दिवशी सकाळी मी भिंतीत खिळा ठोकला अन् तिला टांगलं.